काय नाही, कुठे नाही

बॅश नावाच्या शेलसोबत 'बॅशबग' नावाचा एक छोटा प्रोग्रॅम येतो. शेल म्हणजे काळ्या पडद्यावर टाइप केलेली आज्ञा वाचून ती पार पाडणारा मध्यस्थ, आणि बॅशबग म्हणजे त्या मध्यस्थाविरुद्ध गाऱ्हाणं नोंदवायची त्याच्याच घरातली खिडकी. तो चालवला की एडिटरमध्ये एक अर्ज उघडतो. यंत्राचा प्रकार, कंपायलर, बॅशची आवृत्ती, पॅचचा क्रमांक हा वरचा भाग अर्ज स्वतःच भरून ठेवतो. खाली माणसासाठी तीनच रकाने असतात: काय घडलं त्याचं वर्णन, ते पुन्हा कसं घडवायचं त्याची रीत, आणि माहीत असेल तर उपाय. विषयाची ओळ आहे तशीच ठेवून कुणी अर्ज पाठवायला निघालं, तर बॅशबग त्याला थांबवतो आणि जरा नीट विषय लिहा, म्हणून सुनावतो. तक्रार ऐकण्यापूर्वी तक्रारदारालाच शिस्त लावणारी अशी खिडकी सरकारी कचेरीत असती तर तिच्यावर मोर्चे निघाले असते.

पण बॅशबगच्या कडकपणाला कारण आहे. शेलबद्दलचं नेहमीचं गाऱ्हाणं दोन शब्दांचं असतं: 'चालत नाही.' ऑफिसात ते 'अरे, ती स्क्रिप्ट चालत नाहीये बघ' असं येतं, आणि ऐकणारा उलट विचारतो, 'म्हणजे नक्की काय होतंय?' तक्रारदाराला हा प्रश्न टाळाटाळ वाटतो. चालत नाही म्हणजे चालत नाही, त्यात आणखी काय सांगायचं? हा उलटप्रश्न मात्र भारतीय दर्शनांच्या आखाड्यात शतकानुशतकं घोळवला गेलेला आहे. 'नाही' हे ज्ञान नेमकं कशाचं ज्ञान असतं?

वैशेषिक दर्शनाच्या मूळ यादीत पदार्थ, म्हणजे जगातल्या गोष्टींचे मूळ प्रकार, सहा होते. अभाव हा सातवा पुढे त्यात आला, आणि चौदाव्या शतकात मिथिलेतल्या गंगेशाच्या 'तत्त्वचिंतामणी'पासून बहरलेल्या नव्यन्यायाने त्याची चिरफाड करायची बाकी ठेवली नाही. नैयायिकांचं म्हणणं असं की अभाव कधी सुटा सापडत नाही. जमिनीवर घडा नाही, असं म्हटलं की त्यात दोन टोकं आलीच. ज्याचा अभाव तो घडा हा प्रतियोगी, आणि जिथे अभाव ती जमीन हा अनुयोगी. घडा म्हणजे काय हेच ज्याला माहीत नाही, त्याला घड्याचा अभाव कळणार नाही. त्याला फक्त जमीन दिसेल. शिवाय तिसरी गोष्ट लागते ती अवच्छेदक, म्हणजे कोणत्या रूपाने आणि किती मर्यादेत नाही. निळा घडा नसेल, तांबडा असेल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने १९२८ साली भीमाचार्य झळकीकरांच्या 'न्यायकोशा'ची वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली आवृत्ती काढली, तीत ही सगळी परिभाषा मांडलेली आहे. संगणकाशी तिचा काडीचा संबंध नाही, हे उघडच आहे.

तरी 'चालत नाही' या तक्रारीचं दुखणं त्या परिभाषेत जितकं नेमकं सांगता येतं तितकं इतरत्र क्वचितच येतं. या तक्रारीत अभाव आहे, पण त्याला प्रतियोगी नाही. काय व्हायला हवं होतं आणि झालं नाही, हे तीत नाही. कुठे झालं नाही, हेही नाही. बॅशबगचा अर्ज ही उणीव भरून काढतो. यंत्र आणि आवृत्ती हे अवच्छेदक, म्हणजे दोषाची हद्द. वर्णनात यायला हवा तो प्रतियोगी. अर्ज रचणाऱ्याच्या मनात गंगेश नव्हता, पण त्याला गाठायचं होतं ते ठिकाण तेच होतं.

नवख्या माणसाला शेलकडून हमखास मिळणारा निरोप घ्या: 'कमांड नॉट फाउंड'. वाचणारा त्याचा अर्थ 'हा प्रोग्रॅम या यंत्रावर नाही' असा लावतो आणि तो पुन्हा उतरवून घ्यायला धावतो. शेलचं म्हणणं त्याहून कितीतरी आखूड असतं. 'पाथ' नावाच्या व्हेरिएबलमध्ये ज्या फोल्डरांची नावं ओळीने लिहिलेली आहेत, तेवढ्यांतच त्याने पाहिलं आणि तिथे मिळालं नाही. प्रोग्रॅम शेजारच्याच फोल्डरमध्ये बसलेला असू शकतो. म्हणजे शेलने प्रतियोगी सांगितला आणि अनुयोगी गाळला, आणि ती गाळलेली जागा वाचणाऱ्याने 'संपूर्ण यंत्र' असं धरून भरली. असल्या चकव्यात शेलचं बोलणं खोटं नसतं, ते अर्धं असतं. एवढ्यावरून शेलला दोष द्यावा का, यावर दोन प्रामाणिक माणसं भांडू शकतात, आणि भांडतातही.

मराठीत लिहिणाऱ्यांच्या वाट्याला तर याहून झकास कोडं आलेलं आहे. लिनक्सवर एका फोल्डरमध्ये 'पायऱ्या' नावाची फाइल आहे. टर्मिनलमध्ये तेच नाव टाइप केलं की उत्तर येतं: अशी फाइल नाही. यादी मागवली तर ती समोर दिसते. हट्टाने त्याच नावाची नवी फाइल केली तर तीही होते, आणि आता यादीत 'पायऱ्या' आणि 'पायर्‍या' अशी जुळी नावं उभी राहतात. 'पाय' एवढं लिहून टॅब दाबला की शेल तिथेच अडतो आणि डोळ्यांना सारखे दिसणारे दोन पर्याय पुढे करतो. एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली राहू शकत नाहीत, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. मग हे काय?

मराठीतला चंद्रकोरीसारखा अर्धा र युनिकोडमध्ये दोन वाटांनी लिहिता येतो. एक वाट ऱ या वेगळ्या अक्षराची, ज्याला इनस्क्रिप्ट कळफलकावर स्वतंत्र जागा आहे: ऱ, हलन्त, य, काना. दुसरी वाट साध्या र ची: र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह, मग य आणि काना. काही कळफलक पहिल्या वाटेने जातात, काही दुसऱ्या. यूटीएफ-८ मध्ये यातल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणून पहिला 'पायऱ्या' २१ बाइटांचा आणि दुसरा २४ बाइटांचा. युनिकोडमध्ये सारखी रूपं एकसारखी करून घेण्याची जी ठरलेली रीत आहे, तीही या दोन वाटांना एक मानत नाही.

आता दोषी शोधायला निघावं. शेल म्हणतो, मला दिलेले बाइट वेगळे, म्हणून नाव वेगळं. त्याचं बरोबर आहे. फाइलींची व्यवस्था म्हणते, मी बाइट सांभाळते, भाषा नाही, तिचंही बरोबर. फॉन्टचं कामच दोन्ही सारखे दाखवण्याचं. युनिकोडने दोन वाटा ठेवल्या त्याला इतिहास आहे. कळफलकाने तर मान्य वाटांपैकी एक निवडली. सगळे आपापल्या जागी चोख आणि फाइल सापडत नाही ती नाहीच. नैयायिकाच्या पद्धतीने बोलायचं तर 'पायऱ्या' या वाचनाच्या रूपाने ती फाइल आहे आणि २१ बाइटांच्या रूपाने नाही. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी, कारण त्यांचे अवच्छेदक वेगळे. दोष यांतल्या कुठल्याच वस्तूत नाही, तो त्यांच्यामधल्या संबंधात आहे. अशी तक्रार शेलच्या खिडकीवर गेली तर ती परत येईल, फॉन्टच्या खिडकीवर गेली तरी परत येईल. तक्रार खोटी म्हणून ती परत येत नाही. तिचा पत्ता चुकलेला असतो.

शेलची अभावाशी असलेली जुनी अडचण वेगळीच आहे. स्टीफन बोर्न यांचा शेल १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीसोबत बाहेर पडला. त्याच्या वंशातल्या शेलांना एखादं व्हेरिएबल कधी ठरवलंच गेलेलं नाही आणि ते ठरवून रिकामं ठेवलं आहे, यात वापराच्या वेळी सहसा फरक दिसत नाही. दोन्हींच्या जागी काहीच येत नाही. अभाव हा स्वतंत्र पदार्थ मानायला शेल तयार नाही. तो त्याला रिकाम्या भावात बसवून टाकतो.

याची किंमत काय होऊ शकते, ते जानेवारी २०१५ मध्ये दिसलं. स्टीम या खेळांच्या प्रणालीची लिनक्सवरची एक स्क्रिप्ट आपलं मूळ फोल्डर कुठे आहे हे आधी शोधून 'स्टीमरूट' या व्हेरिएबलमध्ये ठेवायची, आणि पुढे एका जागी त्या फोल्डरमधलं सगळं पुसून टाकायची: आरएम -आरएफ, मग स्टीमरूट, तिरपी रेघ, तारा. एका वापरकर्त्याने स्टीमचं फोल्डर हलवलं होतं. शोध फसला, स्टीमरूट रिकामा राहिला, आणि पुसायच्या आज्ञेत उरलं ते फक्त तिरपी रेघ आणि तारा, म्हणजे मुळापासून सगळं. त्याच्या परवानगीत जे जे पुसता येत होतं ते गेलं, जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवरचंसुद्धा. बॅकअप त्याच डिस्कवर असण्याची रीत किती घरांत आहे, हे ज्याने त्याने आठवावं.

त्या ओळीच्या डोक्यावर स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने एका शब्दाची टीप लिहून ठेवलेली होती, 'भीतिदायक' अशा अर्थाची. गौतमाच्या न्यायसूत्रांत सोळा पदार्थ मोजले आहेत, त्यांत संशय तिसरा आणि निर्णय नववा. संशयाशिवाय विचार सुरू होत नाही, म्हणून त्याला एवढा मान. इथे संशय आला होता, लिहूनही ठेवला गेला होता, आणि निर्णयापर्यंतची वाट कुणी चाललंच नाही. वाट लांब नव्हती. 'सेट -यू' लिहिलं की न ठरवलेल्या व्हेरिएबलवर शेल थांबतो, आणि व्हेरिएबलच्या नावापुढे विसर्ग व प्रश्नचिन्ह जोडलं की रिकाम्यावरही थांबतो. अभाव आणि रिकामेपण यांतला भेद शेलला कळतो, पण विचारल्याशिवाय तो सांगत नाही. शेलच्या जाणकारांचं मत विचारलं तर ते म्हणतील, हा शेलचा बग नाही, कागदोपत्री सांगितलेलं वर्तन आहे. ज्याच्या फाइली गेल्या त्याला हे उत्तर देऊन पाहावं.

'कागदोपत्री सांगितलेलं' हे पालुपद म्हणजे शब्दप्रमाण, विश्वासू माणसाच्या वचनाचा पुरावा. शेलच्या जगात आप्तवचनं दोन आहेत. एक पॉझिक्स हे मानक, ज्यात शेलचं वर्तन १९९२ पासून लिहिलेलं आहे. दुसरी त्या त्या शेलची स्वतःची पुस्तिका. आपल्याकडे श्रुती आणि स्मृती भांडल्या तर श्रुतीचं चालतं. बॅशने मात्र मजेशीर तोडगा काढला: एरवी आपल्या स्मृतीप्रमाणे वागायचं आणि कुणी 'पॉझिक्स मोड' मागितला तर श्रुतीप्रमाणे. २००६ मध्ये उबुंटूच्या ६.१० आवृत्तीने साध्या 'एसएच' नावामागे उभी असलेली बॅश काढून तिथे डॅश हा चपळ, काटेकोर शेल बसवला, तेव्हा हा तोडगा लोकांच्या अंगाशी आला. वर्षानुवर्षं चाललेल्या स्क्रिप्टा कोलमडल्या. 'एको -ई' लिहिलं की बॅश त्या -ई ला सूचना समजते. डॅश मात्र -ई सकट सगळं छापून मोकळा होतो. स्क्रिप्टवाल्यांना तो डॅशचा बग वाटला. डॅशने श्रुतीचा हवाला दिला, आणि श्रुती खरंच त्याच्या बाजूने होती. एवढी वर्षं 'चाललं' हा पुरावा तिथे कुचकामी ठरला, कारण ते चाललं होतं एका शेजाऱ्याच्या मेहेरबानीवर.

आपले दोष कबूल करण्यात बॅशही मागे नाही. तिच्या पुस्तिकेत शेवटी 'बग' असं कलम आहे, आणि त्यात ती फार मोठी आणि फार मंद असल्याची तक्रार खुद्द तिच्या कर्त्यांनीच पहिल्या ओळीत नोंदवली आहे.

तक्रार करणारा आणि तक्रार ऐकणारा यांच्यात उडणारे खटके पुष्कळदा स्वभावाचे नसतात, प्रामाण्याचे असतात. मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असतं. ते खोटं ठरेपर्यंत खरंच धरायचं. नैयायिक म्हणतात, ज्ञानाचं खरेपण बाहेरून ठरतं. दूरवर पाणी दिसलं, गेलो, प्यायलो, तहान भागली, तेव्हा ते पाणी. तक्रारदार मीमांसक असतो: मी पाहिलं, झालं. देखभाल करणारा नैयायिक असतो: माझ्या यंत्रावर घडवून दाखव. बॅशबगमधला दुसरा रकाना, पुन्हा घडवण्याची रीत, हा न्यायाच्या बाजूने दिलेला निकाल आहे. त्यामुळे 'माझ्याकडे तर चालतंय' हे उत्तर कितीही चिडवणारं असलं तरी ते तिथे खंडन म्हणून येत नाही, नोंद म्हणून येतं.

मग शोध सुरू होतो तो अन्वय-व्यतिरेकाने. हे असताना ते असतं का, आणि हे नसताना ते नसतं का? बॅश तिच्या खाजगी सेटिंगच्या फाइली न वाचता सुरू करून पाहायची; दोष गेला तर तो सेटिंगमध्ये. भाषेचं सेटिंग काढून साधं करायचं. दोष गेला तर तो तिथे. 'सेट -एक्स' लावला की प्रत्येक आज्ञा, तिच्यातली व्हेरिएबलं उलगडून झाल्यावर, अधिकचिन्हाच्या मागे पडद्यावर उमटते, आणि आपण काय लिहिलं याऐवजी शेलने काय वाचलं ते दिसतं. नुसता अन्वय पाहणाऱ्याची कावळा बसायला आणि फांदी तुटायला अशी गत होते: काल अपडेट आलं, आज स्क्रिप्ट मोडली, म्हणजे अपडेटनेच. व्यतिरेक तपासायचा कंटाळा हा या क्षेत्रातला जुना रोग आहे.

अन्वय-व्यतिरेक दोन्ही जुळूनही फसगत होते तेव्हा आड उपाधी लपलेली असते. जिथे अग्नी तिथे धूर, हे चुकीचं आहे. तापून लाल झालेल्या लोखंडात अग्नी आहे, धूर नाही. धुराला ओलं लाकूड लागतं, आणि ते ओलं लाकूड म्हणजे उपाधी. टर्मिनलवर हाताने चालवली की उत्तम चालणारी आणि रात्री क्रॉनने आपोआप चालवली की मोडणारी स्क्रिप्ट हे त्याचं रोजच्या ऑफिसातलं रूप. स्क्रिप्ट तीच, यंत्र तेच, माणूस तोच. फरक एवढाच की क्रॉन आपल्या आज्ञा 'एसएच'कडून, अगदी तोकड्या पाथवर चालवतो. हाताने चालवताना तो लांबलचक पाथ आयता मिळत होता, आणि त्याच्यावर सगळी मदार आहे हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

इथवरचे दोष लहान होते. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये जो निघाला, त्याने दोषाच्या जन्मतारखेचाच प्रश्न उभा केला.

त्या महिन्याच्या १२ तारखेला स्टेफान शाझेलास यांनी बॅशमध्ये सापडलेली एक गोष्ट चेट रेमी यांना कळवली. रेमी क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात काम करत होते आणि दोन दशकांहून अधिक काळ बॅशची देखभाल विनामोबदला करत आले होते. शाझेलास यांनी तिला 'बॅशडोर' असं नाव दिलं होतं. २४ सप्टेंबरला ती जाहीर झाली आणि जगाने तिला 'शेलशॉक' करून टाकलं.

एक शेल दुसरा शेल सुरू करतो तेव्हा त्याच्यासोबत नावं आणि किमतींची शिदोरी बांधून देतो, तिला एन्व्हायर्नमेंट म्हणतात. शिदोरीत फक्त मजकूर जातो. बॅशला मात्र आपली फंक्शनंही पुढे पाठवायची होती, म्हणून युक्ती अशी: एखाद्या व्हेरिएबलची किंमत उघडा कंस, बंद कंस, एक मोकळी जागा आणि महिरपी कंस अशी सुरू झाली, तर ती किंमत फंक्शन समजायची. नवी बॅश सुरू होताना अशा किमती उचलून आपल्या नेहमीच्या आज्ञा वाचणाऱ्या यंत्रणेकडे द्यायची. फंक्शनचा शेवटचा कंस आला की त्या यंत्रणेने थांबायला हवं होतं. ती थांबत नव्हती. कंसापुढे अर्धविराम देऊन आणखी एखादी आज्ञा लिहिलेली असेल, तर ती फंक्शन लक्षात ठेवून पुढची आज्ञाही पार पाडायची. तपासणी एका ओळीची होती: व्हेरिएबलमध्ये रिकामं फंक्शन, त्यापुढे 'धोका' छापायची आज्ञा, आणि मग नवी बॅश. पडद्यावर 'धोका' आला की यंत्र धोक्यात.

ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेल्या बॅशच्या इतिहासात फंक्शन उचलणारी ही ओळ ५ ऑगस्ट १९८९ ची आहे, आणि ती १ सप्टेंबरच्या १.०३ आवृत्तीत बाहेर पडली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये टिम बर्नर्स-ली यांनी सर्नमध्ये वेबचा प्रस्ताव मांडला होता. वेब अजून कागदावर होतं. एन्व्हायर्नमेंटमध्ये तेव्हा लिहिणारा माणूस त्या यंत्रावर आधीच बसलेला असायचा, आणि जो हवी ती आज्ञा थेट देऊ शकतो त्याला फंक्शनच्या शेपटीत ती लपवायची गरज काय? १९९३ मध्ये सीजीआय आलं. आता वेब-सर्व्हर दूरच्या ब्राउझरने पाठवलेल्या गोष्टी, अगदी ब्राउझरने सांगितलेलं स्वतःचं नावसुद्धा, एन्व्हायर्नमेंटमध्ये भरून स्क्रिप्टच्या हाती देऊ लागला. त्या वाटेत कुठे बॅश असली की जगाच्या दुसऱ्या टोकावरचा अनोळखी माणूस 'माझं नाव अमुक' म्हणत तिला हुकूम सोडू शकत होता. हे शाझेलास यांना दिसेपर्यंत एकवीस वर्षं गेली.

मग दोष जन्मला कधी? सांख्य म्हणतील १९८९ मध्ये. कार्य कारणात आधीपासूनच असतं, तिळात तेल असतं म्हणून तर ते निघतं, वाळूतून निघत नाही. नंतर जे झालं ती केवळ अभिव्यक्ती. दोषांना क्रमांक देणारी सीव्हीई यादीही याच मताची निघाली: तिने ४.३ पर्यंतच्या आवृत्त्यांना एकगठ्ठा सदोष ठरवलं. नैयायिक हे मान्य करणार नाहीत. घडा मातीत नव्हता. त्याआधी त्याचा प्रागभाव होता, तो घडा होताच संपला. सीजीआयपूर्वी या ओळीमुळे कुणाचं काय बिघडत होतं? ज्याचा प्रतियोगी अजून जगात यायचाय, तो अभाव तेव्हा सांगणार कसा?

दोघांचंही पुरतं पटत नाही. फॉक्स यांच्या मनात 'फंक्शन तेवढं लक्षात ठेव' एवढंच होतं, त्यापुढची आज्ञा चालवणं त्यांच्याही हेतूच्या बाहेरचं. म्हणजे एक प्रतियोगी १९८९ मध्येच हजर होता आणि त्या अर्थाने चूक तेव्हाचीच. पण सप्टेंबर २०१४ मध्ये ज्याने झोप उडवली तो अभाव वेगळा होता: परक्याचा मजकूर आज्ञा समजला जाऊ नये, ही अपेक्षा. ती अपेक्षा परके दारात आल्याशिवाय कुणाच्या मनात येणारच नव्हती. एका ओळीवर दोन अभाव राहत होते आणि सगळे त्यांना एकच नाव देत होते.

याचा दाखला दुरुस्त्यांतच मिळतो. रेमी यांच्या पहिल्या पॅचने यंत्रणेला फंक्शनच्या शेवटी थांबायला शिकवलं, म्हणजे १९८९ ची चूक दुरुस्त केली. पॅच बाहेर पडून जेमतेम दिवस होतो न होतो तोच टॅव्हिस ऑर्मंडी यांनी दुसऱ्याच वाकड्या रचनेने तीच वाट पुन्हा उघडून दाखवली. त्यानंतर मिखाऊ झालेव्स्की यांनी यंत्राकडून वेडेवाकडे मजकूर फेकून घेऊन आणखी दोन भोकं काढली. नैयायिकाचा प्रध्वंसाभाव, म्हणजे नाशानंतरचा अभाव, एकदा सुरू झाला की संपत नाही, म्हणून गेलेला दोष परत आला असं त्याला म्हणता येत नाही; परत आला तो दुसरा दोष. सीव्हीईच्या कारकुनीने इथे गुपचूप न्यायाचा पक्ष घेतला आणि शेलशॉकला एकूण सहा क्रमांक दिले, २०१४-६२७१ हा पहिला.

रेड हॅटचे फ्लोरियन वायमर यांनी वाट बदलली. यंत्रणा कुठे थांबते हा प्रश्नच बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, परक्याचा मजकूर तिच्यापर्यंत पोचतोच का? त्यांच्या पॅचने फंक्शन वाहून नेणाऱ्या व्हेरिएबलच्या नावाला पुढून आणि मागून खास खूण जोडली. खूण नसेल तर किमतीत काहीही असो, बॅश तिला फंक्शन मानायची नाही. ब्राउझरला किंमत ठरवता येते, नाव हवं तसं ठरवता येत नाही. झालेव्स्की यांना सापडलेली भोकं यानंतरही काही काळ आतल्या यंत्रणेत होती, पण बाहेरून तिथवर जायला रस्ता राहिला नव्हता. हा पॅच १९९३ च्या अभावाला उत्तर देतो.

ॲपलचं म्हणणं आणखी निराळं होतं. ओएस एक्सच्या बहुतेक वापरकर्त्यांना धोका नाही, असं कंपनीने आधी सांगितलं, आणि २९ सप्टेंबरला दुरुस्ती आणली. प्रत्येक मॅकवर तीच सदोष बॅश बसलेली असताना हे म्हणणं कानाला लबाडीचं लागतं. पण नैयायिकांच्या झाडावर एक माकड कायमचं बसलेलं आहे: फांदीच्या हद्दीत झाडाला माकडाचा संयोग आहे, मुळाच्या हद्दीत त्याच झाडाला तो नाही. बाहेर सेवा न पुरवणाऱ्या मॅकवर दोष फांदीच्या, म्हणजे आतल्या वापराच्या हद्दीत होता, मुळाच्या, म्हणजे बाहेरून पोचण्याच्या हद्दीत नव्हता. ॲपलचं विधान खरं होतं. कमी होती ती हद्द ठळकपणे सांगण्याची.

फ्रीबीएसडी आणि नेटबीएसडी यांनी या सगळ्यांहून टोकाची भूमिका घेतली. एन्व्हायर्नमेंटमधून फंक्शन उचलणं हीच मुळात वाईट सवय आहे असं ठरवून त्यांनी आपल्याकडच्या बॅशमध्ये ती सोय मुळातच बंद ठेवली. हवी असेल त्याने ती मुद्दाम सुरू करावी. त्यांच्या लेखी दोष कंसानंतरच्या आज्ञेत नव्हता आणि परक्याच्या मजकुरातही नव्हता, तो त्या सोयीतच होता. आता लिनक्सवर आपली फंक्शनं निर्यात करून कामं उरकणारा एखादा गृहस्थ तीच स्क्रिप्ट फ्रीबीएसडीवर नेतो. फंक्शन पलीकडे पोचत नाही, स्क्रिप्ट मोडते, आणि तो बॅशबगचा अर्ज उघडतो. पुस्तिका त्याच्या बाजूने आहे, पुन्हा घडवायची रीत दोन ओळींत मावते, प्रतियोगी स्पष्ट आहे: फंक्शन पोचायला हवं होतं, पोचलं नाही. एका बाजूने जो दोषाचा ध्वंस, तो दुसऱ्या बाजूने सगळे रकाने नीट भरलेला एक नवा दोष आहे, आणि त्याला 'हा बग नाही' असं कळवणाऱ्याला आता कारणही द्यावं लागेल.